जनरेटरची रजई

आमच्या ह्यांना ऐकू कमी येतं, हे मला लग्नानंतर तब्बल बावीस वर्षांनी कळलं. तोवर माझी पक्की समजूत, की हा माणूस मुद्दामच ऐकत नाही. "अहो, दळण आणायचंय," असं तीनदा म्हणावं, तेव्हा कुठं "अं? काय म्हणालीस?" असा प्रश्न यायचा. नवऱ्यांची जातच अशी, असं म्हणून मी सोडून देत असे. मैत्रिणींनो, तुमच्याही घरी हाच अनुभव असेल तर लगेच कानाच्या डॉक्टरकडे धावू नका. बहुतेक ठिकाणी तो निव्वळ स्वभावच असतो! आमच्याकडे मात्र कारण निराळं होतं. ते कारण आमच्याच अंगणात, टेम्पोच्या मागच्या पेटीत बसून कित्येक वर्षं धडधडत होतं. पण त्या कारणाकडे आमचं लक्ष जायला एका लेकराचा जीव धोक्यात यावा लागला, आणि त्यात माझाही हात होता. ते सांगावं म्हणूनच आज लिहायला बसले आहे.

आम्ही वडनेर भोलजीचे. बुलढाणा जिल्ह्यात, नांदुरा तालुक्यात, मलकापूर आणि नांदुऱ्याच्या दरम्यान हमरस्त्यावर हे गाव आहे. सुरतेकडून नागपूर-कलकत्त्याला जाणारा हा रस्ता पूर्वी सहा नंबरचा हायवे होता. आता त्याचा नंबर त्रेपन्न झाला, पण आमच्या सासूबाई अजून 'सहा नंबर'च म्हणतात. रात्रंदिवस ट्रक चालू. त्यामुळं आवाजाचं आम्हांला कधी काही वाटलंच नाही. नव्या नवरीला पहिले चार दिवस झोप येत नाही, पाचव्या दिवसापासून ट्रक थांबले की जाग येते!

हे मूळचे वायरमन. २००५ साली वीज मंडळाचे भाग होऊन महावितरण आलं, आणि पुढची काही वर्षं खेड्यापाड्यांत लोडशेडिंगनं कहर केला. बारा-बारा तास वीज नाही. त्या काळात ह्यांनी माझ्या दोन पाटल्या मोडून एक जुना डिझेल जनरेटर घेतला आणि संध्याकाळी बाजारातल्या दुकानांना एकेक, दोन-दोन दिव्यांची लाइन दिली. पाटल्या दोन वर्षांत परत आल्या. पुढं वीज सुधारली, दुकानदारांनी इन्व्हर्टर घेतले, तेव्हा ह्यांनी जनरेटर एका जुन्या टेम्पोवर चढवला. लग्नाच्या वराती, सप्ताह, भारूड-गोंधळाचे कार्यक्रम, होळीच्या सुमाराला सैलानीची यात्रा असे आम्ही दिवे घेऊन फिरू लागलो. 'आम्ही' म्हणायचं इतकंच, फिरणारे ते, आणि डबे भरून देणारी मी.

यात्रेला पाच-पाच दिवस मुक्काम पडायचा. म्हणून ह्यांनी टेम्पोत ड्रायव्हरच्या पाठीमागं एक छोटी खोलीच करून घेतली. एक फळी झोपायला, खाली डबे ठेवायला कप्पा, कोपऱ्यात स्टोव्ह, खुंटीला आरसा. खोलीच्या मागं पत्र्याची आडभिंत आणि तिच्यापलीकडे बंद पेटीत जनरेटर. आम्ही त्याला गमतीनं 'बंगला' म्हणायचो. माझी मावसबहीण अमेरिकेत असते, ती एकदा आली होती. बंगला पाहून म्हणाली, "अगं, आमच्याकडे हौशी लोक अशीच घरं चाकांवर घेऊन सुट्टीत हिंडतात. पलंग, ओटा, न्हाणीघर आणि कप्प्यात जनरेटर. फक्त तिकडं त्याला लाखो रुपये पडतात!" ते ऐकल्यापासून आमचा भाचा बंगल्यात झोपताना फारच ऐटीत पाय पसरायचा.

हा भाचा म्हणजे माझ्या नणंदेचा एकुलता एक मुलगा. ताईंचं सासर जळगाव जामोदचं. यजमान लवकर गेले. दहावीनंतर पोराचं शाळेत मन लागेना, तेव्हा ताईंनी त्याला आमच्याकडे धाडला. येताना माझा हात हातात घेऊन एवढंच म्हणाल्या, "वहिनी, तुमच्या ओटीत टाकला." बस. जास्त बोलायचा त्यांचा स्वभाव नाही.

आता मूळ गोष्टीकडे येते. दोन वर्षांपूर्वीची. जनरेटरच्या पेटीला आतून फोमची गादी डिंकानं चिकटवलेली होती, वर चंदेरी कागद. आवाज आणि उष्णता बाहेर येऊ नये म्हणून. नवी होती तेव्हा बरी होती. पण आमच्याकडचा उन्हाळा तुम्हांला ठाऊक आहेच, चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंश म्हणजे काही विशेष नाही. त्यात आत यंत्राची भट्टी. डिंक पाघळला, फोम पिवळा पडून त्याचा भुगा होऊ लागला, डिझेल-ऑइलचे शिंतोडे पिऊन काळा झाला, आणि एके दिवशी छताकडची अख्खी गादी खाली लोंबायला लागली. आवाज असा वाढला, की शेजारच्या काकू कुंपणावरून म्हणाल्या, "बाई, सुनेचं बाळ दचकून उठतं गं. काही तरी करा." त्यांचा काही दोष नव्हता. यंत्र तपासायला हे रोज संध्याकाळी अर्धा तास चालू करून ठेवत.

सैलानीची यात्रा पंधरा दिवसांवर आलेली. नवी गादी बसवून घ्यायची तर मलकापूरला दोन दिवस गाडी उभी करा, पैसे मोजा. हे कुरकुरत होते. आणि इथं माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

मी गोधड्या शिवते, बरं का. पंचक्रोशीत माझ्या हाताच्या रजईला मागणी असते. आपलं वऱ्हाड म्हणजे कापसाचं कोठार. घरची पऱ्हाटी, सरकी काढून पिंजलेला कापूस कोठीत पडलेला. म्हटलं, रजईत शिरलं की बाहेरचा आवाज कमी येतो, थंडी-ऊनही लागत नाही. मग यंत्रालाच रजई का नको? चार दुपारी बसून मी पेटीच्या मापाच्या पाच रजया शिवल्या. चार बाजूंना चार आणि छताला एक. बाहेरून जाड मांजरपाट, आत तीन बोटं कापूस, जवळजवळ टाके. सासूबाई ओसरीवर बसून पाहत होत्या. म्हणाल्या, "काहून वं सूनबाई, त्या यंत्राले का थंडी वाजू रायली?" आम्ही सगळे हसलो. त्या म्हाताऱ्या माणसाला जे सुचलं, ते आम्हां शिकलेल्यांना सुचलं नाही. यंत्राला थंडी वाजत नव्हती, त्याला उकडत होतं!

रजया बसवल्या. आवाज खरोखर कमी झाला. काकूंनी कुंपणावरून हात हलवला. भाचा म्हणाला, "मामी, लय मस्त झालं व! आता झोप लागते पाह्य." मी आठ दिवस हवेत होते.

नवव्या दिवशी मोताळ्याकडच्या एका गावात रात्रीचा गोंधळ होता. ह्यांनी मंडपात दिव्यांकडे बसायचं, भाच्यानं मध्यरात्रीपर्यंत यंत्र सांभाळून मग बंगल्यात झोपायचं, असं ठरलेलं. पहाटे तीनला माझा फोन वाजला. ह्यांचा आवाज ओळखू येईना. "आम्ही मलकापूरला दवाखान्यात आहोत. पोराला ऑक्सिजन लावलाय. ताईला अजून सांगू नको."

झालं होतं ते असं. दोनच्या सुमाराला मंडपातले दिवे फडफडले म्हणून हे टेम्पोकडे गेले. जळक्या चिंधीचा वास. पेटीचं दार उघडलं तर धूर. छताची रजई हादऱ्यांनी निसटून खाली आली होती आणि गरम हवा बाहेर टाकणाऱ्या जाळीवर पडून ती बंद झाली होती. तिचं एक टोक सायलेंसरला टेकून काळं पडून धुमसत होतं. ह्यांनी यंत्र बंद केलं, वाळूची बादली ओतली, भाच्याला हाका मारल्या. उत्तर नाही. खोलीचं दार उघडलं तर पोर फळीवर गाढ झोपल्यासारखं. हलवलं तरी डोळे उघडेना. ओढून मोकळ्या हवेत आणलं तेव्हा त्याला उलटी झाली आणि तो "डोकं, डोकं" म्हणून कण्हू लागला. गोंधळाला आलेल्यांपैकी एकानं आपली जीप काढली, म्हणून वेळेवर पोचले.

दुपारपर्यंत पोर बोलायला लागलं. डॉक्टरांनी मला बाजूला बसवून समजावून सांगितलं. इंधन जळताना हवा पुरेशी मिळाली नाही, की कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू जास्त होतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनला जितकं धरतं, त्याच्या दोनशे पटीहून घट्ट ते या वायूला धरून बसतं. मग श्वास चालू असूनही शरीराला ऑक्सिजन मिळत नाही. आधी डोकं दुखतं, मळमळतं, हातपाय गळतात; आणि झोपलेल्या माणसाला तर तेवढंही कळत नाही, झोपेतून झोप लागते. "वास आला तो तुमच्या रजईचा," डॉक्टर म्हणाले. "नुसता हा वायू असता तर कुणाला पत्ताच लागला नसता."

म्हणजे माझ्या रजईनंच गोंधळ केला आणि तिच्याच जळक्या वासानं तो उघडा पाडला. पण त्या क्षणी मला ते कुठलं सुचायला! माझ्या डोळ्यांपुढं एकच चित्र होतं. रोज देवापुढं मी वात करते. कापूस घेते, तेलात भिजवते. जनरेटरच्या पेटीत डिझेलचे शिंतोडे उडतात हे मला माहीत होतं. तीन बोटं जाड कापूस, वर डिझेल, शेजारी तापलेलं सायलेंसर. मी तिथं एक भलीमोठी वातच करून ठेवली होती, आणि तिच्या उशाशी ओटीत टाकलेलं लेकरू निजवलं होतं.

ताईंना सांगावं लागलंच. त्या संध्याकाळच्या एस.टी.नं आल्या. मला वाटलं बोलतील, दोन शब्द सुनावतील. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पोराच्या डोक्यावरून हात फिरवला, त्याचे कपडे पिशवीत भरले आणि तिसऱ्या दिवशी त्याला घेऊन गेल्या. जाताना मी वाकले तर "असू दे," एवढंच म्हणाल्या. त्या यात्रेला आमचा टेम्पो गेला नाही.

पंधरा दिवस घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही. दोष कुणाचा यावर बोलायला आमच्यात हिंमत नव्हती. शेवटी एका रात्री हेच म्हणाले, "रजई बसवताना सायलेंसरची पट्टी आड येत होती. मी ती सैल केली आणि परत आवळायची विसरलो. धूर तिथूनच पेटीत येत होता. आणि आडभिंतीला वायरीसाठी पाडलेलं भोक मी कधी बुजवलंच नाही." म्हणजे रजईनं हवेची वाट अडवली, सैल सांध्यातून धूर आत आला आणि भोकातून खोलीत शिरला. तिन्ही गोष्टी एकत्र आल्या. एकीचा दोष दुसरीवर ढकलण्यात अर्थ नव्हता. मी म्हटलं, "आता हे काम शिकून करायचं. आणि मी सोबत येणार." आश्चर्य म्हणजे ह्यांना ते पहिल्यांदाच ऐकू आलं!

खामगावला जनरेटरच्या पेट्या करणारे एक म्हातारे मिस्त्री आहेत, त्यांना सगळे 'चाचा' म्हणतात. त्यांनी आमची पेटी पाहिली, जळकी रजई पाहिली, माझे टाके बोटानं चाचपले आणि म्हणाले, "शिलाई तर अव्वल आहे बाई. माल चुकला." पुढं म्हणाले, "आवाज आन् गर्मी ह्या दोन बहिणी आहेत. एकीचं लुगडं दुसरीले पुरत नाही. दोघींची येगळी सोय करा लागते. आन् तिसरी हवा. तिची वाट कधीच अडवू नका."

मग चार दिवस आम्ही नवराबायको त्यांच्या हाताखाली राबलो. शिकले ते सांगते, कारण ते घरातही उपयोगी पडतं.

पहिली गोष्ट, जुनं काढणं. बॅटरीची वायर सोडून ठेवली, यंत्र पूर्ण गार होऊ दिलं, मग पत्र्याच्या सुरीनं फोम आणि डिंक खरवडला. सायलेंसरवर जुन्या काळी गुंडाळलेली पांढरट दोरी होती. मी ती ओढणार, तोच चाचा ओरडले. ती ॲस्बेस्टॉसची असण्याचा संभव होता. त्याची धूळ छातीत गेली तर वर्षांनुवर्षांनीही फुप्फुसाचे असाध्य आजार, कर्करोगसुद्धा होतो. असलं काही दिसलं तर झटकायचं नाही, झाडायचं नाही. चाचांनी स्वतः चांगला मास्क लावून, ती पाण्यानं चिंब भिजवून, न तोडता सोडवली आणि प्लॅस्टिकच्या दुहेरी पिशवीत बंद केली. नंतर धुण्याचा सोडा आणि गरम पाण्यानं मी सगळी पेटी आतून घासली, तेलाचा ओशटपणा जाईपर्यंत. मैत्रिणींनो, तुपाची बरणी घासणाऱ्या हाताला यात काही अवघड नाही.

दुसरी गोष्ट, आवाज. तो दोन वाटांनी येतो. एक हवेतून, दुसरा पत्र्यातून. पितळी ताट पडलं की किती वेळ घणघणतं! हात ठेवला की गप्प. पत्र्यालाही तसा हात ठेवावा लागतो. म्हणून पत्र्याला आतून जड रबराची चादर चिकटवली. यंत्राच्या पायाखालची रबरं दगडासारखी कडक झाली होती, ती बदलली. खलबत्त्याखाली आपण गोणपाटाची घडी ठेवतो, तेच हे. नुसत्या या दोन गोष्टींनी खोलीतल्या डब्यांची खडखड थांबली.

मग हवेतून येणारा आवाज. त्याला अडवायला जड भिंत लागते आणि पिऊन टाकायला मऊ, सच्छिद्र पदार्थ लागतो. कापूस ते काम करतो, माझी अक्कल तेवढ्यापुरती बरोबर होती. पण तो जळतो. थर्मोकोल तर उकळत्या पाण्याइतक्या उष्णतेलाच मऊ पडतं, आणि साधा फोम पेटला की त्याचा धूरच विषारी. चाचांनी आणली ती दगडाची लोकर. हो, दगडाची! काळा दगड वितळवून, साखरेच्या कापसाच्या यंत्रासारखं गरगरा फिरवून त्याचे धागे काढतात. हजार अंशांपर्यंत ती वितळत नाही. दोन इंच जाडीच्या तिच्या लाद्या बसवल्या, त्यांवर काचेच्या धाग्यांचं कापड आणि सर्वांवर बारीक भोकांचा पत्रा. भोकं कशाला? तर आवाज भोकातून आत जाऊन लोकरीत अडकावा म्हणून. सपाट पत्रा लावला असता तर त्यानं आवाज तसाच परत फेकला असता. आणि हे सगळं स्क्रूनं आवळलं, डिंकावर भिस्त ठेवली नाही. आमची पहिली गादी डिंकानंच दगा देऊन लोंबली होती ना!

दारांच्या कडांना रबराची पट्टी लावली. कुकरची रिंग सैल झाली की शिट्टी होत नाही, तसंच आवाजाचं. भिंत कितीही भक्कम करा, शंभरातला एक भाग उघडा राहिला तरी मेहनतीवर पाणी.

तिसरी गोष्ट, उष्णता. सायलेंसर आणि धुराची नळी हा सगळ्यांत तापणारा भाग, कित्येक शे अंशांचा. तिला अंगरखा हवा. आणि इथं चाचा माझ्याकडे वळले. "बाई, हा तुमच्या हातचा." काचेच्या कापडाच्या दोन पदरांत दगडाची लोकर घालून, काचेच्याच दोऱ्यानं, दाभणानं मी सायलेंसरचा अंगरखा शिवला. आडवे-उभे टाके, कडेला हूक, तारेनं आवळायचा. म्हणजे उद्या नळी तपासायची झाली तर काढता येतो. शिवताना हात थरथरत होते. याआधी शिवलं होतं त्याचं काय झालं, ते विसरता येत नव्हतं. चाचांनी ते ओळखलं असावं. काही न बोलता त्यांनी एक तुकडा स्टोव्हच्या ज्योतीवर धरून दाखवला. लाल झाला, पण पेटला नाही. मग माझे टाके सरळ पडू लागले.

एक सूचना मात्र लक्षात ठेवा. ही लोकर अंगाला खाजकुयलीसारखी चावते. पूर्ण बाह्या, हातमोजे, चष्मा, मास्क हवाच. काम झाल्यावर अंग आधी थंड पाण्यानं धुवावं, चोळू नये, आणि ते कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नयेत. मी पहिल्या दिवशी पदर खोचून तशीच बसले, आणि रात्रभर खाजवत राहिले.

चौथी आणि सगळ्यांत मोठी गोष्ट, हवा. आवाजाच्या भीतीनं जाळ्या लहान करायच्या नाहीत, उलट मोठ्या केल्या. पण हवेची वाट सरळ न ठेवता दोन वळणांची केली आणि वळणांना आतून लोकर लावली. हवा वळून निघून जाते, आवाज मात्र भिंतींवर आपटत दमतो. धुराची नळी खोलीपासून दूर, मागं आणि वर नेली. सांधे नवे आणि घट्ट. आडभिंतीचं भोक बुजवून वायरी बाहेरून घेतल्या. पेटीजवळ आग विझवायची पावडरची नळकांडी टांगली. मावसबहिणीनं सांगितलं होतं की तिकडं अशा गाड्यांत कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारं छोटं यंत्र असतंच. ते आम्ही मागवून खोलीत लावलं. या सगळ्याला माझी भिशी पूर्ण खर्ची पडली. पाटल्यांपर्यंत वेळ आली नाही, एवढंच.

यंत्र सुरू केलं, तेव्हा मुलीनं मोबाइलवर आवाज मोजला. असलं माप काही सरकारदरबारी चालायचं नाही, पण आधीपेक्षा बारा-तेरा डेसिबल कमी दाखवत होतं. दहा डेसिबल उतरले की कानाला आवाज जवळजवळ निम्मा वाटतो, म्हणे. २००५ च्या जानेवारीपासून कारखान्यातून निघणाऱ्या नव्या डिझेल जनरेटरांना पेटीपासून एक मीटरवर ७५ डेसिबलची मर्यादा सरकारनं घातली. आमचं यंत्र त्याच्या आधीचं, उघडंच विकत घेतलेलं. इतकी वर्षं हे त्याच्या शेजारी बसले. ८५ डेसिबलच्या वरचा आवाज दिवसाला आठ-आठ तास ऐकला, की कानाच्या आतल्या नाजूक पेशी कायमच्या मरतात आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. त्याच महिन्यात मी ह्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. आलेख पाहिला. बारीक, उंच आवाज त्यांना जवळजवळ ऐकूच येत नव्हते. आणि माझा आवाज, तुम्हांला काय सांगू, बारीक आणि उंच आहे! बावीस वर्षं मी ज्यावरून रुसले, फुगले, भांडी आपटली, तो त्यांचा अपराधच नव्हता. आमच्या संसारासाठी त्यांनी कान दिले होते. आता ते कामावर कानांना बोंडं लावतात आणि मी समोर जाऊन, तोंडाकडे तोंड करून बोलते. दळण एका हाकेत येतं.

शहरातल्या मैत्रिणींना वाटेल, आमच्याकडे कुठला जनरेटर! पण तुमच्या न्हाणीघरात गॅसचा गीझर असेल. त्याच्या खिडकीला थंडीत तुम्ही पुठ्ठा लावत असाल. हिवाळ्यात बाळंतिणीच्या खोलीत शेगडी ठेवून दारं लावत असाल. तोच वायू तिथंही होतो, तसाच मुकाट्यानं. गीझर शक्यतो न्हाणीघराच्या बाहेर बसवावा, आतलाच असेल तर वरची जाळी कधी बुजवू नये, आणि अंघोळीला गेलेलं माणूस वेळेत बाहेर आलं नाही तर हाक मारावी. बंद खोलीत घरातल्या एकाहून जास्त माणसांचं डोकं एकदम दुखू लागलं, तर पित्त म्हणून लिंबू पिऊ नका. आधी सगळ्यांना मोकळ्या हवेत काढा.

भाच्याचं सांगायचं राहिलं. अक्षय तृतीयेला मी आणि हे जळगाव जामोदला गेलो. मी ताईंपुढं सगळं सांगितलं, रजईचंही आणि भोकाचंही. ते ऐकून त्या बराच वेळ चिंच फोडत राहिल्या. मग आत जाऊन आमच्यासाठी पुरणाच्या पोळ्या घेऊन आल्या. पोराबद्दल शब्द नाही. आम्ही तसेच परतलो.

आखाडीला दुपारी दारात एस.टी. थांबल्याचा आवाज आला. पिशवी घेऊन पोर उभं. मागं ताई. पाणी प्यायल्या, सासूबाईंच्या पाया पडल्या, आणि निघताना मला कोपऱ्यात घेऊन म्हणाल्या, "वहिनी, तो त्या गाडीत झोपत नाही ना?"

"नाही ताई. इशाऱ्याचं यंत्र लावलंय, भोक बुजवलंय, तरीसुद्धा नाही. यंत्र चालू असलं की त्या खोलीत कुणीच झोपायचं नाही, असा आता नेमच केलाय. तो मंडपात झोपतो, सतरंजीवर."

"डास चावतात त्याला," त्या म्हणाल्या.

मी आतून माझी एक जुनी, मऊ गोधडी आणून दाखवली. "ही देते सोबत रोज."

ताईंनी गोधडी हातात घेतली, टाक्यांवरून बोट फिरवलं आणि ती पोराच्या पिशवीत घातली. एस.टी.ची वेळ झाली होती.